ह्याच्यावर नाचायचं कसं?

"ओ वहिनी, रात्री तुमच्याकडं पेटी कोण वाजवत होतं? आमचे हे उठून बसले की. म्हणाले, शेजारी कुणाचं काही झालं का बघ."

"पेटी कुठली अक्का, भाच्याचा मोबाइल तो. पण भाऊजींचा कान तयार आहे हं. ती धून खरंच बाप गेल्यावरची आहे. अर्जेंटिनाचा पियाझोला म्हणून होता, आस्तोर पियाझोला. १९५९ मध्ये वडील गेल्याचं कळलं, तेव्हा बांधली त्यानं. 'आदिओस नोनिनो'. वडलांना घरात नोनिनो म्हणायचे."

"पण वाजत होती पेटीच ना?"

"पेटीची भाऊबंद. बँडोनिऑन. मधे भाता, दोन्ही अंगांना मिळून ७१ बटणं. आणि खोड अशी, की तेच बटण दाबून भाता ओढला तर एक सूर, मिटला तर दुसराच."

"म्हणजे आमच्या जाऊबाईच. येताना एक बोलणार, जाताना एक."

"हळू बोला, गच्चीवर आहेत त्या. तर ह्याचा बाप न्यूयॉर्कात न्हाव्याच्या दुकानात कामाला. गहाणवटीच्या दुकानात जुना बाजा दिसला, तो आठ वर्षांच्या पोराला आणून दिला. पुढं टँगोचा मोठा गवई कार्लोस गार्देल सिनेमासाठी तिथं आला. त्याला हा पोरगा आवडला, पेपरवाल्या पोराचं बारकं काम दिलं, वर म्हणाला दौऱ्यावर चल. बाप म्हणाला, नाही, लहान आहे. त्याच दौऱ्यात, १९३५ मध्ये, विमानाला अपघात झाला. गार्देल गेला."

"शिव शिव! सिद्धरामेश्वरानंच राखलं म्हणायचं."

"पुढं ब्यूनोस आयरेसला त्रोइलोच्या वाद्यवृंदात लागला. बाजा वाजवायचा, सुरावटीही लिहून द्यायचा. त्रोइलो खोडरबर घेऊनच बसायचा म्हणे. हे काढ, ते काढ, लोकांना ह्याच्यावर नाचता येणार नाही."

"बरोबरच आहे की त्याचं. पैसे मोजून लोक नाचायला येतात, परीक्षा द्यायला नाही."

"ह्यालाच टँगोची लाज वाटायला लागली, अक्का. बंदराकडच्या वस्त्यांतलं, गुत्त्यांतलं संगीत ते. १९५४ ला पॅरिसला गेला, नादिया बुलांजे बाईंकडं शिकायला. थप्पीच्या थप्पी कागद दाखवले, सगळं थोरामोठ्यांच्या वळणाचं. बाई म्हणाल्या, लिहिलंय चांगलं, पण ह्यात तू कुठं आहेस? पोटापाण्यासाठी काय वाजवतोस? तेव्हा ओशाळून टँगो वाजवून दाखवला. बाईंनी हात धरला. म्हणाल्या, हाच तो पियाझोला, ह्याला सोडू नकोस."

"असे मास्तर मिळायला नशीब लागतं ओ."

"परत आला नि १९५५ ला आठ जणांचा ताफा उभा केला. दोन बँडोनिऑन, दोन व्हायोलिन, चेलो, डबल बास, पियानो आणि चक्क विजेची गिटार. गाणारा नाहीच! जुने लोक असे खवळले. हा टँगोच नव्हे म्हणाले. टॅक्सीवाले गाडीत घेईनात, असंही सांगतात."

"ह्यात काय नवल? आपल्या सोलापूरच्या राम जोश्यांचं हेच झालं होतं. पेशवाईतली गोष्ट."

"त्यांचं उलट होतं पण. हा गुत्त्यातून वर गेला, ते शास्त्र्यांच्या घरातून फडावर आले."

"आले नाहीत, घालवले. थोरला भाऊ मुद्गल, पुराणं सांगणारा, आणि हे धोंडी शाहिराच्या तमाशात जाऊन बसायचे. भावानं घराबाहेर काढलं. मग पंढरपूरला संस्कृत शिकले, कीर्तनं केली, लोक खूश. आणि पुन्हा डफ-तुणतुण्याकडंच! बया आणि चिमा ह्यांच्या फडात. पण येताना संस्कृत सोबत आणलं की नाही? लावणीत यमकांची नुसती झड. आमचे मामंजी सांगायचे, कानडीसुद्धा घातली त्यांनी. एवढे पंडित मोरोपंत, त्यांनीही वाखाणलं."

"शांतारामबापूंचा सिनेमा होता ना त्यांच्यावर? जयराम शिलेदार, हंसा वाडकर."

"'लोकशाहीर रामजोशी', १९४७चा. आमच्या सासूबाईंनी तीनदा पाहिला, आणि तिन्हीदा भावालाच शिव्या घातल्या. पण वहिनी, फरक बघा. संस्कृत आलं तरी ढोलकी गेली नाही, बाईचा पाय थांबला नाही. तुमच्या पियाझोलानं लोकांना खुर्चीत बसवलं."

"मग बैठकीची लावणी बसूनच ऐकतात ना?"

"..."

"बोला की."

"बसून ऐकतात, मान्य. पण तिथं अदाकारी असते. एकच ओळ दहा तऱ्हांनी डोळ्यातून सांगते बाई. बटणं कशी सांगणार?"

"थांबा, दाखवतेच. हे बघा. उभा आहे, एक पाय उंचावर, मांडीवर बाजा. आता भाता कसा खाली सोडतो बघा... ही 'लिबेरतांगो', १९७४ची."

"अय्या. हे तर मी ऐकलंय. कुठल्या तरी जाहिरातीत."

"ऐकलं असेल. जगभर वाजतं."

"ठेका मात्र सोडला नाही हं त्यानं. तीन, तीन, दोन. ढोलकीवाल्याला दिला तर पटकन उचलेल तो. नाचता येईल की ह्याच्यावर! त्रोइलोला काही कळत नव्हतं."

"आत्ता तर त्याचीच बाजू घेत होता."

"तेव्हा मी ऐकलं नव्हतं. बरं ते जाऊ द्या, बायकोचं काय ओ ह्याच्या?"

"देदे नाव. चित्रकार होती. दोन मुलं. १९६६ मध्ये वेगळे झाले."

"का?"

"ते भाच्याला विचारायला पाहिजे."

"मग बोलवा की त्याला. दळण काय, संध्याकाळी टाकता येईल."