कंसातला लेखक

महाराष्ट्र शासनाने वृत्तपत्रांशी आणि जनतेशी बोलण्याचे काम ज्या खात्याकडे सोपवले आहे, त्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा जिल्ह्यातील प्रतिनिधी म्हणजे जिल्हा माहिती अधिकारी होय. मंत्रालयात महासंचालनालय, विभागाच्या ठिकाणी विभागीय कार्यालय आणि जिल्ह्याच्या गावी जिल्हा माहिती कार्यालय अशी ही उतरंड असून, कोणत्याही उतरंडीप्रमाणे येथेही सगळा भार तळाच्या मडक्यावर असतो. हा अधिकारी बहुधा जिल्ह्यातील सर्वाधिक छापला जाणारा गद्यलेखक असतो, कारण त्याने लिहिलेला मजकूर एकाच सकाळी जिल्ह्यातील बहुतेक दैनिकांत येतो; मात्र त्यावर नाव असते ते ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहर’ या व्यक्तीचे. त्याच्या कर्तृत्वाची एकमेव खूण म्हणजे गावाचे नाव आणि दिनांक यांच्यापुढे कंसात येणारी ‘जिमाका’ ही तीन अक्षरे, म्हणजे जिल्हा माहिती कार्यालयाचा संक्षेप. आणि प्रेसनोट हाती पडताच उपसंपादक सर्वप्रथम जे खोडतो, तो हाच कंस असतो.

प्रेसनोट, म्हणजे शासनाने स्वतःविषयी लिहून वृत्तपत्रांना आयती पुरवलेली बातमी, हा या लेखकाचा मुख्य वाङ्मयप्रकार आहे. या प्रकारात क्रियापदांनाही हुद्दे असतात: मंत्री ग्वाही देतात किंवा प्रतिपादन करतात, जिल्हाधिकारी निर्देश देतात, तहसीलदार केवळ माहिती देतात, आणि नागरिकांच्या वाट्याला कर्तेपण येत नसल्यामुळे त्यांना आवाहन केले जाते. या श्रेणीत चूक झाली आणि एखाद्या उपविभागीय अधिकाऱ्याने अनवधानाने ‘ग्वाही’ दिली, तर सायंकाळपर्यंत दूरध्वनी येतो. काळाच्या बाबतीत मात्र हा लेखक व्याकरणाच्या पुढे गेलेला आहे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होणाऱ्या लोकार्पणाची बातमी तो आदल्या रात्रीच तयार ठेवतो, आणि तीत पालकमंत्री जे बोलणार आहेत, ते बोलून झालेले असते. या काळाला ‘आगाऊ भूतकाळ’ म्हणता येईल. त्यातील भाषण त्याने स्वतःच रचलेले असल्यामुळे ते मुद्देसूद असते. प्रत्यक्षातील भाषण तसे असतेच असे नाही, परंतु छापून येते ते आगाऊ भाषण, आणि पुढे पालकमंत्र्यांनाही आपण तसेच बोललो होतो असे वाटू लागते. खरी पंचाईत होते ती हवामान बिघडल्यामुळे हेलिकॉप्टर उडत नाही तेव्हा. अशा वेळी संपूर्ण बातमी तशीच ठेवून फक्त ‘दूरदृश्यप्रणालीद्वारे’ हा एक शब्द योग्य ठिकाणी बसवण्याचे त्याचे कौशल्य पाहण्यासारखे असते, जरी तेवढ्याने दीपप्रज्वलनाचा प्रश्न सुटत नसला तरी.

या गद्याचा गाभा मात्र भाषणात नसून ‘यावेळी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या परिच्छेदात असतो. बातमीत काय घडले हे सर्वसामान्य वाचक पाहतो. व्यासपीठावर बसलेले लोक प्रथम हा परिच्छेद पाहतात. त्यातील क्रम राजशिष्टाचाराने, म्हणजे कोणाचा मान कोणाच्या आधी हे ठरवणाऱ्या शासकीय संकेतांनी, बांधलेला असतो: पालकमंत्री, खासदार, आमदार, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, मग जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस अधीक्षक आणि पुढे कंटाळा येईपर्यंत. संकेत स्पष्ट असले तरी माणसे तशी नसतात. एकाच पक्षाचे दोन आमदार असतील तर ज्येष्ठ कोण, माजी मंत्री हे विद्यमान आमदारांच्या आधी की नंतर, आणि निमंत्रण नसताना व्यासपीठावर चढून बसलेल्या गृहस्थांचे नाव काय, हे प्रश्न त्याला कार्यक्रम सुरू असतानाच सोडवावे लागतात, म्हणून तो भाषण ऐकत नाही. तो माणसे मोजत असतो. या अडचणीवर या वर्गाने शोधलेला उपाय म्हणजे यादीच्या अखेरीस येणारे ‘आदी मान्यवर’ हे दोन शब्द होत. सैद्धान्तिक दृष्ट्या या शब्दांत संपूर्ण जिल्हा सामावू शकतो, पण त्यात सामावले जाण्याची तयारी असलेला माणूस अद्याप कोणत्याही जिल्ह्यात सापडलेला नाही. छायाचित्राचे शास्त्र याहून कठोर आहे. फीत कापताना कात्री मंत्र्यांच्या हातात असली तरी फितीला हात लावलेल्या बोटांची संख्या नेहमीच चौकटीत मावण्यापेक्षा अधिक असते, आणि ज्याचे केवळ बोट आले त्याची नाराजी ज्याचे काहीच आले नाही त्याच्यापेक्षा मोठी असते.

त्याच्या दिवसाची सुरुवात मात्र लेखनाने नव्हे, तर वाचनाने होते. सकाळची सर्व दैनिके चाळून शासनाशी संबंधित बातम्यांची कात्रणे काढायची, त्यांची सकारात्मक आणि नकारात्मक अशी विभागणी करायची आणि ती जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायची, हा त्याचा नित्यक्रम होय. पूर्वी यासाठी कात्री आणि डिंक लागे, आता मोबाइल पुरतो. परंतु चाळीस सकारात्मक कात्रणे बाजूला सारून एकुलते नकारात्मक कात्रण उचलण्याची वरिष्ठांची पद्धत तंत्रज्ञानाने बदललेली नाही. त्या कात्रणाबाबत जे विचारले जाते, त्याचा सूर असा असतो की बातमी याने छापली नसली तरी छापू दिली. मग ‘खुलासा’ हा दुसरा वाङ्मयप्रकार जन्माला येतो. खुलासा म्हणजे प्रसिद्ध झालेल्या बातमीविषयी शासनाने कळवलेली वस्तुस्थिती. ही वस्तुस्थिती संबंधित विभागाकडून यावी लागते, आणि तो विभाग ती तपासून, मागवून, पुन्हा तपासून पाठवतो तोपर्यंत रस्त्यावरील ज्या खड्ड्याविषयी बातमी होती तो बुजलेला तरी असतो किंवा त्याला शेजारी तरी मिळालेला असतो. खुलासा छापून आलाच तर तो आतल्या पानावर येतो, आणि मूळ आरोप उद्धृत केल्यावाचून त्याचे खंडन करता येत नसल्यामुळे, ज्यांनी पहिली बातमी वाचली नव्हती त्यांनाही ती या निमित्ताने कळते.

पत्रकारांच्या दृष्टीने तो शासनाचा माणूस असतो आणि शासनाच्या दृष्टीने पत्रकारांचा. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांनी शासकीय कर्मचाऱ्यांच्या वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधने घातलेली असल्यामुळे प्रत्येक कार्यालयप्रमुख बातमीदाराला “माहिती अधिकाऱ्यांना विचारा” असे सांगतो; माहिती अधिकारी “संबंधित विभागाकडून माहिती घेऊन कळवतो” असे सांगतो; आणि तो संबंधित विभाग म्हणजे पहिलाच कार्यालयप्रमुख असतो. पत्रकारांच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री अकरा वाजता “सर, फोटो?” असा संदेश येतो आणि प्रश्नचिन्हाखेरीज त्यात दुसरे सौजन्य नसते. साप्ताहिकांचे संपादक दर्शनी जाहिरातींच्या यादीसाठी येतात, नवे बातमीदार अधिस्वीकृती पत्रिकेसाठी, म्हणजे शासनमान्य पत्रकार असल्याच्या ओळखपत्रासाठी. यांच्याखेरीज, दहा रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावलेला अर्ज घेऊन शेताच्या मोजणीची नक्कल मागायला आलेले एखादे आजोबा हमखास असतात. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमानुसार प्रत्येक कार्यालयात स्वतंत्र जन माहिती अधिकारी असतो हे त्यांना समजावून सांगितले, तरी दारावरील पाटीवर ‘माहिती’ लिहिलेले असताना आत ती का नाही, हा त्यांचा प्रश्न तर्कदृष्ट्या बिनतोड असतो.

६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केले त्या दिवसाच्या स्मरणार्थ, त्याच्या कार्यालयात पत्रकार दिन साजरा होतो. जांभेकरांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण करण्यात येतो, त्याची प्रेसनोट निघते, आणि तीतही ‘यावेळी’चा परिच्छेद असतो.

वर्षातून एकदा मात्र या लेखकाची शैली बदलते, आणि तिची खरी योग्यता तेव्हा कळते. पश्चिम महाराष्ट्रात ऑगस्टच्या सुमारास पाऊस लागून राहिला आणि १०५.२५ टीएमसी क्षमतेचे कोयना धरण भरत आले की, रात्री-अपरात्री जलसंपदा विभागाचे आकडे येऊ लागतात. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, आणि क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, या वेगाने होणारा विसर्ग. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक, सहा वक्र दरवाजे किती फुटांनी आणि किती वाजता उचलणार, कोणत्या पुलावरून वाहतूक बंद, कोणत्या गावांनी जनावरे हलवावीत, एवढेच तो लिहितो. ग्वाही नसते, प्रतिपादन नसते, मान्यवर नसतात, आणि ‘आवाहन’ या शब्दाला प्रथमच अर्थ असतो. पाटणपासून सांगलीपर्यंतचे बातमीदार त्यातला एकही शब्द न बदलता तो मजकूर पुढे पाठवतात, नदीकाठचे लोक तो मोठ्याने वाचून दाखवतात, आणि घाईत उपसंपादकाकडून कंसही राहून जातो.

सकाळी ही कात्रणे सकारात्मकमध्ये लावावीत की नकारात्मकमध्ये, यावर कार्यालयात थोडी चर्चा होते. ती संपण्याआधीच दूरध्वनी वाजतो. पूरपाहणीच्या छायाचित्रात छत्री धरलेला हात आला आहे, तो कोणाचा आहे हे ओळीत का लिहिले नाही, अशी विचारणा झालेली असते.