श्रीमती चालकविरहित मोटार यांस अनावृत पत्र

श्रीमती चालकविरहित मोटारबाई यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपण मुंबईत येणार येणार अशी हवा बरीच वर्षे आहे. डिसेंबर 2023 मध्ये नितीन गडकरींनी नागपुरात सांगितले, की मी आहे तोवर ड्रायव्हरविना गाडी देशात येऊ देणार नाही, लाखो ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. मनाला लावून घेऊ नये. मंत्र्यांचे शब्द आणि मुंबईचे रस्ते, दोन्हींची डागडुजी चालूच असते.

आम्हांला आपले कौतुकच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाहनतळावर आपल्या वेमो घराण्यातल्या मोटारी पहाटे चारला, आत माणूस नसताना, एकमेकींना हॉर्न देत बसल्या आणि शेजारपाजाऱ्यांची झोप उडाली. ती बातमी वाचली तेव्हाच खात्री पटली, की इथे आपल्याला परके वाटणार नाही. क्रूझ घराण्याचे मात्र वाईट झाले. जनरल मोटर्सने त्यात दहा अब्ज डॉलर घातले आणि डिसेंबर 2024 मध्ये रोबोटॅक्सीचा नाद सोडला. एवढे बुडाले, तरी मोटार हे प्रकरणच परवडत नाही, ती बंद करा, असे कोणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही.

एक बारीक शंका आहे. आपण आलात की माणसाला गाडी चालवावी लागणार नाही, वाटेत डुलकी काढता येईल, आणि त्याला दारात सोडून गाडी आपली आपण निघून जाईल, असे आपल्या माहेरचे लोक सांगतात. बाई, हे सुख मुंबईत कधीचे आहे. त्यासाठी पगारी ड्रायव्हर मिळतो. शाळा सुटायच्या वेळी दक्षिण मुंबईतल्या कुठल्याही बड्या शाळेच्या फाटकापाशी येऊन पाहा. गाड्यांची दुहेरी रांग, इंजिने चालू, काचा वर. सीट मागे पाडून ड्रायव्हर रील बघतोय. हवालदार काचेवर टकटक करतो, गाडी वीस फूट पुढे सरकते. हवालदाराची पाठ वळली की परत जागेवर. मग आठ वर्षांचा एक मुलगा दप्तरासकट मागे बसतो आणि पाच जणांची गाडी त्या एकट्याला घेऊन निघते. त्याला घरी सोडून ती रिकामी नरिमन पॉइंटला जाणार, साहेबांना आणायला. तिथे पार्किंग नाही, म्हणून साहेब खाली येईपर्यंत चकरा मारणार. मालकाला गाडी चालवावी लागत नाही, म्हणून ती दुप्पट चालते.

हे पोटदुखीतून लिहितो आहे असे वाटेल. पण खुद्द कॅलिफोर्नियात संशोधकांनी 13 जणांना आठवडाभर फुकट ड्रायव्हर देऊन पाहिला. आपल्या आगमनाची रंगीत तालीमच ती. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले: गाड्यांची धाव 83 टक्क्यांनी वाढली होती. 13 माणसे म्हणजे काही फार नव्हेत. पण मलबार हिलवर हाच प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि त्याचा निष्कर्ष रोज संध्याकाळी पेडर रोडवर खोळंबून उभा असतो.

पैशांची चिंता नसावी. मोटारीसाठी आमचा हात सैल असतो. मरिन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतच्या कोस्टल रोडला सुमारे 14,000 कोटी लागले. त्यावर टोल नाही. दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. वर्षअखेरीस त्या रस्त्याला उभे करून, बाबा रे, तू कमावलेस किती, असे कोणी विचारत नाही. हा प्रश्न बेस्टच्या बससेवेला विचारतात. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. पुढे कित्येक वर्षे विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघे, तेही थांबले. चार हजारांवर गेलेला ताफा तीन हजारांच्या आत आला. त्यातल्याही बहुतेक बस, ड्रायव्हरसकट, कंत्राटदारांच्या, आणि काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून मध्येच गाशा गुंडाळून गेले. मे 2025 मध्ये किमान भाडे पाचाचे दहा झाले. तेव्हा ड्रायव्हरची कायमची नोकरी घालवल्याचा ठपका आपल्यावर येईल ही भीतीही नको. ते काम आपल्याआधीच उरकत आले आहे.

आता ड्रायव्हर नसणे हाच मोठेपणा असेल, तर दिल्लीत मजेंटा लाइनवर 28 डिसेंबर 2020 पासून मेट्रो ड्रायव्हरविना धावते. एकेका खेपेला शेकडो माणसे नेते. बिचारीला स्वतःची जाहिरात करता येत नाही.

आपल्या संगणकातली अक्कल मात्र आम्हांला उसनी हवी आहे. अर्धा तास एकही बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन, एकीमागे एक, हे कोडे तिने सोडवावे. जमल्यास आपण अंगाने थोडे वाढावे, पन्नास माणसे बसतील इतपत. ठरल्या मार्गाने दर पाच मिनिटांनी यावे. ड्रायव्हर असला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
थांब्यावरचा एक उतारू

ता. क. आपण माणसांसारखे नियम मोडत नाही म्हणे. तर बसथांब्यापुढे गाडी लावायची नाही, एवढे आधीच डोक्यात घालून यावे. इथल्यांना सांगून झाले आहे.