फाडफाड

संस्कृत अस्खलित बोलतात, उर्दू अदबीनं बोलतात, मराठी शुद्ध बोलतात (निदान पुण्यात तसा समज आहे). इंग्रजी मात्र फाडफाड बोलतात. कापडाच्या दुकानातलं हे क्रियाविशेषण एकट्या इंग्रजीच्याच वाट्याला का आलं असावं, हा प्रश्न मला आमच्या एसटी स्टँडसमोर पडला. तिथं झेरॉक्सच्या दुकानावर पाटी होती : 'तीस दिवसांत फाडफाड इंग्लिश'. मी जिना चढलो आणि फी भरून खाली आलो.

आम्ही पाचवीत इंग्रजीची तोंडओळख झालेली माणसं. शासनानं 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, ते आमच्या वेळी नव्हतं, म्हणून आमचं इंग्रजी कच्चं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. क्लासच्या पहिल्या दिवशी त्याच बाकावर पहिलीपासून इंग्रजी शिकलेली चार पोरं बसलेली दिसली. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

पहिला तास 'दैनंदिन शब्दसंग्रह'. सरांनी विचारलं, "किचनमध्ये काय काय असतं?" बायकांनी एका दमात सांगितलं : गॅस, कुकर, मिक्सर, फ्रिज, टाइल्स, सिंक. शिकवायला शिल्लक राहिला ओटा. त्याला सरांनी 'प्लॅटफॉर्म' असा शब्द दिला, आणि पुढचे दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर ओट्यावरून गाड्या सुटत होत्या.

मग सर मागच्या बाकावरच्या शेतकऱ्याकडे वळले. "काका, तुमचा कालचा दिवस कसा गेला, आधी मराठीत सांगा."

"कसला जातोय सर. थ्री फेज रात्री बाराला येणार, त्यात डीपी उडाला, स्टार्टर ट्रिप झाला, ड्रिपचा फिल्टर चोकअप, आणि वायरमनचा मोबाईल स्विच ऑफ."

"छान. आता हेच इंग्रजीत सांगा."

"सांगितलंच की!"

यावर सरांनी फळा पुसला.

खरं तर शब्द घ्यायला आपल्याला क्लास कधी लागला? पोर्तुगीजांकडून पगार, चावी, साबण आणि बटाटा घेतला, तेव्हा कोणी तीस दिवसांची फी भरली नव्हती. इंग्रजी शब्दांचं तर आपण बारसंच घातलं. ज्या भाषेत निर्जीव वस्तूंना लिंग नाही, तिच्यातली बस आपल्याकडे येताच ती झाली, ट्रक तो झाला, तिकीट ते झालं. पेन तो की ते, यावर अजून घराघरांत भांडण आहे, म्हणजे ते घरचंच झालं. आणि 'लायटी गेल्या' यातलं अनेकवचन कुठल्याही साहेबाला सात जन्मांत सुचणार नाही.

आपली खरी पंचाईत व्याकरणात होते, आणि ती का व्हावी हे मला आजही कळत नाही. जातो, जाते, जातोस, जातेस, जातात, हा सगळा पसारा मराठी पोर शाळेत जाण्याआधी बिनचूक सांभाळतं. 'घोडा'चं 'घोड्याला' करताना त्याला घाम फुटत नाही. तेच पोर पुढं इंग्रजीत 'ही गो' म्हणतं आणि एका 'एस'पायी छडी खातं. हत्ती उचलणाऱ्यानं शेपटाला अडखळावं, तसं. शिवाय मराठीला ज्याची कधी गरजच पडली नाही, ते 'अ', 'अॅन' आणि 'द'. 'युनिव्हर्सिटी' स्वरानं लिहितात तरी 'अ', आणि 'अवर' व्यंजनानं लिहितात तरी 'अॅन'. कारण अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा, असं सर म्हणाले. आणि आम्हाला उच्चार कोण ऐकवणार? तर सरच. ते स्वतः 'अ अवर' म्हणत होते.

क्लासचा वेद म्हणजे रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण. यातले रेनसाहेब हिंदुस्थानच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्यांनी 1924 साली 'बो जेस्त' नावाची कादंबरीही लिहिली. तिच्यात चांगल्या घरची मुलं पळून जाऊन थेट फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत भरती होतात. ज्यानं कर्तरी-कर्मणीचा धडा संध्याकाळी सात वाजता केला आहे, त्याला हे कथानक अजिबात ओढूनताणून आणलेलं वाटत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमच्यातल्या जवळजवळ कोणालाच इंग्रजीत कोणाशी बोलायचं नव्हतं. एका ताईंना नर्सरीच्या फाटकाशी उभ्या असणाऱ्या दुसऱ्या आयांची तोंडं बंद करायची होती. एका माजी सरपंचांना पंचायत समितीतल्या साहेबाला गप्प करायचं होतं. मला बँकेतल्या काउंटरवर. सगळ्यांना समोरच्याचं बोलणं थांबवण्यासाठी इंग्रजी हवं होतं. तेव्हा मला पाटीवरच्या 'फाडफाड'चा उलगडा झाला.

याला अपवाद एका मावशींचा. त्यांच्या मालकांना बीपी आणि शुगर. गोळ्यांच्या पाकिटावर तारीख कुठली, जेवणाआधीची गोळी कुठली, मोठ्या दवाखान्यात कुठल्या पाटीखाली बसायचं, एवढं वाचता यावं म्हणून त्या आलेल्या. दोन रिकामी पाकिटं त्यांनी सोबतच आणली होती. सर म्हणाले, "मावशी, हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही. आधी कॉन्फिडन्स." आणि त्यांना उभं करून स्वतःचा छंद इंग्रजीत सांगायला लावलं. छंद म्हणजे काय, हे त्यांना मराठीत समजावण्यातच तास संपला.

आठव्या दिवशी त्या आल्या आणि उरलेल्या दिवसांचे पैसे मागू लागल्या. सरांनी प्रवेशाचा फॉर्म पुढं केला. क्लासचं नाव, नियम, वेळापत्रक, 'वेलकम'ची चार वाक्यं, सगळं इंग्रजीत होतं. सरांनी बोट ठेवलं ते अगदी खालच्या, एकुलत्या एका मराठी ओळीवर. ठळक अक्षरांत होती, आणि मावशींनी ती पहिल्या फटक्यात, न अडखळता वाचली : 'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.'