फटका बसल्यावर घ्यायची काळजी

होतकरू गोल्फपटू वाईट फटक्यांनी बिघडत नाही. वाईट फटके मारणारा माणूस दोन रविवारांत कंटाळतो, दांडके मेहुण्याला देतो आणि पुन्हा पहिल्यासारखा घरच्यांच्या कामाला येतो. बिघडतो तो एका चांगल्या फटक्याने. पारनेरचा, श्रीगोंद्याचा, नेवाशाचा कोणी नोकरीनिमित्त पुण्यात असतो, साहेबाच्या आग्रहाखातर येरवड्याच्या मैदानावर जातो, दुपारभर नांगरट करतो, आणि सगळे निघायच्या बेतात असताना त्याचा एक चेंडू अचानक सरळ, उंच, डोळ्यांना दिसेनासा होईपर्यंत जातो. प्रस्तुत मार्गदर्शन अशा बाधितांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे.

आधी लक्षणे ओळखावीत. फटका चुकला की मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. बरोबर बसला की हाताला काहीच कळत नाही. चेंडू दांडक्याच्या पात्याला जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद चिकटलेला असतो, तेवढ्यात सगळे उरकते. मारणाऱ्याचे कर्तृत्व त्यात किती आणि योगायोग किती, हे ठरवायला तो वेळ अपुरा पडतो, म्हणून सगळे श्रेय मारणारा घेतो. रोगी दांडके खांद्यावर टाकून, कमरेत वळून, फोटो काढणारे कोणी नसतानाही तसाच उभा राहतो. या अवस्थेत त्याला दुसरा चेंडू देऊ नये. मोटारीत बसवून घरी आणावे. दुसरा चेंडू शेजारच्याच्या नडगीकडे जातो, असा सर्वत्र अनुभव आहे.

यानंतर अंतर सांगण्याचा प्रश्न येतो. गावी पारावर बसून ‘बराच लांब गेला’ एवढ्यावर कोणी सोडत नाही. इथे ॲलन शेपर्ड यांचा आदर्श ठेवावा. फेब्रुवारी 1971 मध्ये अपोलो 14 मधून ते चंद्रावर गेले, माती गोळा करण्याच्या अवजाराला सहा नंबरच्या आयर्नचे पाते जोडले आणि अवजड पोशाखामुळे एका हाताने मारले. आधी चेंडूपेक्षा मातीच जास्त उडाली. शेवटचा चेंडू मात्र बसला, आणि तो मैलोगणती गेल्याचे त्यांनी तिथूनच जाहीर केले. पुढे 50 वर्षांनी कोणीतरी जुनी छायाचित्रे साफ करून मोजमाप केले, तेव्हा अंतर निघाले सुमारे 40 यार्ड. थोडक्यात, पन्नास वर्षे निर्धास्त राहावे. शिवाय आपल्या नगर जिल्ह्याला लांबच्या माऱ्याची परंपरा आहे. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ 1549 साली नगरातच ओतली गेली. नाव विजापूरने कमावले हा भाग वेगळा. ते आपल्याकडे नेहमीचेच आहे.

आता सुधारणेकडे वळू, कारण रोग्याला तो फटका पुन्हा हवा असतो. लहानपणी विटी-दांडू खेळलेल्यांना वाटते, हे तर आपलेच. गल आहे, दांडू आहे, कोलायचे आहे. फसगत इथेच होते. विटी आधी उडते आणि मग आपण मारतो. गोल्फचा चेंडू मुकाट पडून राहतो आणि माणसाला विचार करायला वेळ देतो. क्रिकेटवाल्यांचेही तेच. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे यांच्यामुळे जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराला आपण जन्मजात चेंडूवाले आहोत असे वाटते. त्या समजुतीने मारलेला चेंडू उजवीकडे वळून बांधापलीकडे जातो. याला स्लाइस म्हणतात. पाते चेंडूवर तिरके उघडे राहते, त्याने हे होते. मग माणूस शहाणपणाने डावीकडे नेम धरतो, त्यामुळे दांडके चेंडूवरून आणखीच आडवे फिरते आणि चेंडू आणखी उजवीकडे जातो. उपाय पकड बदलण्याचा आहे. पण सोपा उपाय म्हणजे उजवीकडचे शेत भावाचे असलेले बरे.

सरावाची जागा निवडताना भूगोल पाहावा. राहुरी, अकोले, संगमनेर पट्ट्यात ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. गोल्फच्या नियमावलीत धोकादायक प्राण्यापासून बिनदंड सुटका देणारा 16.2 क्रमांकाचा नियम आहे. उदाहरणादाखल त्यात विषारी साप, मधमाश्या, मगरी आणि अस्वले येतात. बिबट्याचा उल्लेख नाही, पण उसाच्या तोंडाशी उभे राहून कलम वाचत बसू नये. पाथर्डी-शेवगावकडे कापूस. बोंडे फुटल्यावर पांढरा चेंडू तिथे गेला की विषय संपला. 2019 पासून शोधायला तीनच मिनिटे मिळतात, त्याआधी पाच मिळत. कांद्याच्या चाळीजवळ सराव करू नये, चेंडू लिलावात जातो. सुप्याच्या बाजूला डोंगरावर पवनचक्क्या आहेत, वाऱ्याची दिशा फुकटात कळते. मात्र जिथे पवनचक्की बसवण्याइतका वारा असतो तिथे चेंडूचे काय होणार, हेही समजून घ्यावे.

हिरवळीचा नाद सोडावा. मैदानाचे फोटो पाहून कोणी बोअरच्या पाण्यावर हिरवळ लावायला निघेल, तर त्याने हिवरे बाजारला जाऊन यावे. तिथे गावाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. उसालाही जिथे पाणी नाकारले, तिथे भोकाभोवतीच्या गवतासाठी हात वर करून दाखवावा. कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या मुलखाला ‘ब्राउन’ शोभतो. कोरड्या प्रदेशांतल्या मैदानांवर ग्रीनच्या जागी तेल मिसळून दाबलेली वाळू असते, तिला हे नाव आहे. आपल्याकडे त्याहून सरस वस्तू आहे : शेणाने सारवलेले अंगण. त्यावर तांब्या आडवा ठेवून पटिंगचा सराव करावा. खऱ्या भोकाचा व्यास 108 मिलिमीटर, त्यामुळे तांब्यात जमले तर मैदानावर सोपे जाते. सांगण्यासारखी गोष्ट अशी, की 72 च्या पारमध्ये, म्हणजे अपेक्षित फटक्यांमध्ये, दर भोकाला दोन या हिशेबाने 36 फटके ग्रीनवरचेच धरलेले असतात. म्हणजे अर्धा खेळ अंगणात होण्यासारखा आहे. पण अंगणात चार फुटांवरून तांब्यात घातलेल्या चेंडूची हकिकत पारावर कोणी ऐकून घेत नाही, आणि म्हणून सारा जिल्हा लांब मारायच्या मागे लागतो. खुद्द मार्गदर्शकाचाही कल तिकडेच आहे.

चेंडू नवेच हवेत असा हट्ट नको. पूर्वी गटापर्चाचे गुळगुळीत चेंडू असत. मार खाऊन ओरखडलेले चेंडू नव्यापेक्षा लांब जातात, हे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले आणि त्यातूनच आजच्या चेंडूवरचे खळगे आले. नवशिक्यांनी या खेळाच्या शास्त्रात घातलेली भर ती हीच असावी.

प्रगती मोजायला हँडिकॅप असतो. 2020 पासून जगभर त्याची कमाल मर्यादा 54 आहे, म्हणजे अठरा भोकांत दर भोकामागे तीन फटके माफ. सोसायटीच्या कर्जाला इतकी विनाअट माफी आजवर मिळालेली नाही, लाभ घ्यावा. खचून जाऊ नये. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेले ते दुसऱ्या एका खेळाडूने माघार घेतल्यावर. अर्थात जागा रिकामी होईल तेव्हा यादीत पुढचे नाव आपले असावे लागते, त्यासाठी ते वर्षानुवर्षे खेळत आले होते. शिर्डीत जे दोन शब्द भिंतीभिंतीवर लिहिलेले दिसतात, त्यांतला दुसरा या खेळात जास्त लागतो. पहिला त्या एका फटक्यानेच पुरेसा मिळालेला असतो.

शेतकरी वाचकांना एक विनंती. वेचणीत किंवा तोडणीत पांढरी, अंगभर खळगे असलेली गोल वस्तू सापडली तर ती अंडे समजून खुडुक कोंबडीखाली ठेवू नये. परत द्यायला मालकही शोधू नये. तो तीन मिनिटे पाहून केव्हाच गेलेला असतो.