शिक्षण सगळ्यांचंच झालंय

डोंबिवलीत बँक, रेल्वे, एलआयसी आणि आयटी या नोकऱ्या नुसतं नाव घेतलं की कळतात. बाकीच्यांना खुलासा द्यावा लागतो. 'मी अभ्यासक्रम तयार करते' म्हटलं, की समोरचा विचारतो, 'कुठल्या शाळेत?' शाळेत नाही म्हटलं तर, 'मग क्लासेस?' तेही नाही म्हटल्यावर, 'म्हणजे गाइड लिहिता होय!' असं म्हणून तो स्वतःच मोकळा होतो. सासूबाईंनी सोसायटीत 'सूनबाई ठाण्याला पुस्तकांचं काहीतरी करते' एवढ्यावर विषय मिटवलाय.

खरं तर आम्ही क्रियापदं शोधतो. पाठ शिकून मूल काय करू शकेल, म्हणजे 'अध्ययन निष्पत्ती', हे पाठाच्या आधी लिहायचं असतं. तिथे 'अपूर्णांक समजतो' असं लिहिलं की लाल शेरा! समजणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून 'ओळखतो', 'तुलना करतो', 'वर्गीकरण करतो' असं लिहायचं. अमेरिकेतल्या बेंजामिन ब्लूम आणि मंडळींनी 1956 मध्ये विचारांच्या पायऱ्या लावल्या, त्याचा हा प्रसाद. 2001 मध्ये त्यांच्या शिष्य-सहकाऱ्यांनी त्या दुरुस्त केल्या आणि 'निर्मिती' सर्वांत वर नेली. हे घरातही भिनतं. 'भांडी घासायची आहेत, समजतंय का?' असं मी विचारत नाही; 'सिंकमधली आणि मांडणीवरची भांडी यांतला फरक स्पष्ट कर' म्हणते. नवरा फरक अचूक स्पष्ट करतो. उपयोजनाच्या पायरीवर मात्र अजून आलेला नाही.

पाठ लिहिला की तो मुलांपुढे ठेवून बघतात. 'लोकल ताशी 60 किलोमीटर वेगाने जाते. कल्याण ते ठाणे 20 किलोमीटर अंतर किती वेळात कापेल?' कल्याणच्या मुलांनी उत्तराऐवजी प्रश्न पाठवले: फास्ट की स्लो? दिव्याला थांबते का? पाऊस आहे का? पुस्तक देशभर जाणार म्हणून पुढे समितीने आधी लोकल काढली, मग कल्याण काढलं, मग ठाणं. शेवटी एक वाहन 'अ'पासून 'ब'पर्यंत गेलं. तिथे राहतं कोण, हे समितीलाही ठाऊक नव्हतं.

या धंद्यातली मुख्य अडचण म्हणजे प्रत्येक जण कधी ना कधी शाळेत गेलेला असतो. बायपासचं ऑपरेशन कसं करावं हे गाडीत कोणी सांगत नाही. पाढे कसे शिकवावेत हे चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली बाईसुद्धा सांगते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' असंही वाचायची सोय केली, जोडाक्षरं लहानग्यांच्या जिभेला जड जातात म्हणून. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत राहिल्या, आणि उभा महाराष्ट्र गणिततज्ज्ञ झाला. विधानसभेत तर मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'चीही फोड झाली. 2023 मध्ये दप्तर हलकं व्हावं म्हणून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. कोऱ्या पानावर तरी कोण काय आक्षेप घेणार? 2025 मध्ये तीही मागे घेतली.

बाकी करिअर उत्तम आहे. विषयाची पदवी, बी.एड. आणि वर्गात उभं राहिल्याचा अनुभव असला की सुरुवात होते रिकाम्या जागांपासून. मग पाठ मिळतो, मग अख्खी इयत्ता. त्याहून वर गेलं की स्वतः काही लिहायचं नसतं, इतरांच्या रिकाम्या जागा तपासायच्या. शैक्षणिक धोरण बदललं की शिक्षक कपाळाला हात लावतात. आमच्याकडे पेढे येतात. 2020 च्या धोरणाने 10+2 चं 5+3+3+4 केलं. बेरीज 12 ची 15 झाली, आमची कामं त्याहून वाढली.

आदर्श कोणाचा ठेवावा, असं नवी मुलं विचारतात. मी जुन्या ठाणे जिल्ह्यातलाच पत्ता देते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पोरं शाळेत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. पानं, बिया, शंख, खडे कामाला लावले. आमच्या हापिसात हा प्रस्ताव आला असता, तर आधी गुरांची अध्ययन निष्पत्ती मागवली असती.

मूल आहे कुठे, हे त्या दोघींनी आधी पाहिलं आणि शिकवायचं काय, ते नंतर ठरवलं. आम्ही ठाण्यात वातानुकूलित खोलीत बसून नेमकं उलट करतो. म्हणून नव्यांना एवढंच सांगते: लिहिलेला पाठ स्वतः एखाद्या वर्गात जाऊन शिकवा. शेवटच्या बाकावरचं पोर दहाव्या मिनिटाला खिडकीबाहेर बघायला लागलं, की तज्ज्ञ समितीचा अहवाल आला असं समजा. त्याला प्रवासभत्ताही द्यावा लागत नाही.