स्वल्पविरामाच्या शेजारची जागा

अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकायला निघालेली मुलं एसएटी नावाची परीक्षा देतात. तिच्या वाचन-लेखनाच्या भागात २७ प्रश्नांना ३२ मिनिटं, आणि असे दोन गट. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. तेवढ्यात मराठी घरातल्या पोरांची विकेट काढणारा जो प्रश्न असतो, त्याच्या धाटणीचा एक मीच रचून मराठीत मांडतो. ‘१८९८ साली रेडियमचा शोध लावल्यावर’, इथे स्वल्पविराम, आणि पुढे रिकामी जागा. पर्याय चार: ‘क्यूरी दांपत्याची कीर्ती जगभर पसरली’, ‘विज्ञानाला नवी दिशा मिळाली’, ‘रेडियम जगभर गाजलं’ आणि ‘क्यूरी दांपत्य प्रसिद्धीला आलं’.

आपल्याला चारही पटतात. पटतात कसली, मराठीत चारही बरोबरच आहेत. इंग्रजीत मात्र मार्क फक्त चौथ्याला. पहिल्यात म्हणे शोध कीर्तीनं लावला, दुसऱ्यात विज्ञानानं, आणि तिसऱ्यात तर रेडियमनं स्वतःच स्वतःला शोधून काढलं.

क्लासच्या भाषेत याला ‘डँगलिंग मॉडिफायर’, म्हणजे लोंबकळतं विशेषण, म्हणतात. वाक्याच्या तोंडाशी आलेला असा तुकडा म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल. आपल्याकडे रुमाल कुणाचा हे सगळ्या गाडीला ठाऊक असतं. इंग्रजीत मात्र स्वल्पविरामाला खेटून जो बसेल, रुमाल त्याचा; टाकणारा मागे उभा राहून कितीही ओरडो. चारांत सगळ्यात लबाड पर्याय पहिला. क्यूरी हे नाव अगदी स्वल्पविरामाला चिकटून आलेलं दिसतं, पोरगं हरखून टिक करतं, आणि त्या ‘ची’कडे त्याचं लक्षच जात नाही. इंग्रजीत हे काम एक चिमुकला अपॉस्ट्रॉफी करतो: नाव पुढे ठेवतो आणि कर्तेपण हळूच कीर्तीच्या पदरात टाकतो.

यात पोरांची चूक म्हणावी, तर मला ते मान्य नाही. आपल्या भाषेत कर्त्याला पुढे येऊन बसायची हौसच कमी. आपण रागावण्यापेक्षा आपल्याला राग येतो. भूक लागते, आठवण होते, सिंहगड दिसतो. ‘खिडकीतून पाहताना सिंहगड दिसला’ हे वाक्य घ्या. पाहणारा वाक्यात कुठेच नाही आणि त्याचा शोधही कुणी घेत नाही. व्याकरण सिंहगडाला कर्ता म्हणतं, पण सिंहगड खिडकीशी उभा राहून डोकावत होता अशी शंका कुणालाच येत नाही. हेच वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं, की तानाजीचा गड पडदा बाजूला सारून बाहेर बघायला लागतो.

म्हणून मराठी अगदीच मोकाट आहे असंही नाही. ‘घरी आल्यावर पाऊस सुरू झाला’ चालतं. पण ‘घरी येऊन पाऊस सुरू झाला’ म्हणून बघा, तिसरीतलं पोरही फिदीफिदी हसेल. ‘ल्यावर’ आणि ‘ताना’ हे मोठ्या मनाचे, कुणाच्याही कर्त्याबरोबर नांदतात. ‘ऊन’ मात्र आपला कर्ता सोडायला तयार नसतो. इंग्रजीत तो मोकळेपणा हवा असेल तर ‘मी घरी आलो तेव्हा’ असा कर्त्यासकट अख्खा संसार वाक्यात मांडावा लागतो. परीक्षेतल्या कित्येक लोंबकळत्या वाक्यांवरचा उतारा हाच.

विशेषणांच्या बाबतीत तर आपण मुळीच सोवळे नाही. ‘शुद्ध गाईचे तूप’ची थट्टा करून लोक दमले, पण डेअरीच्या फळ्यावरची ‘ताजी म्हैस’ अजून कुणी हटकलेली नाही. गिऱ्हाईक ‘ताज्या म्हशीचे दूध’ वाचतं, बरणी पुढे करतं आणि दूध घेऊन घरी जातं.

इंग्रजीवाल्यांनीही फार ताठ मानेनं मिरवावं असं नाही. ‘हॅम्लेट’मधलं राजाचं भूत मुलाला सांगतं, की मी बागेत झोपलेला असताना मला साप डसला अशी आवई उठवली आहे. खून प्रत्यक्षात भावानं केलेला. पण शेक्सपिअरनं ते वाक्य असं रचलंय, की एसएटीच्या हिशेबानं बागेत झोपलेला होता तो साप! चारशे वर्षांत प्रेक्षकांतून कुणी उठून विचारलं नसावं, की झोपलेला साप डसेल कसा. गंमत म्हणजे ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ करणारे आगरकर आणि मराठी वाक्यांच्या पृथक्करणावर ‘वाक्यमीमांसा’ लिहिणारे आगरकर एकच. भुताला मार्क द्यायला बसवायला याहून लायक परीक्षक मला तरी सुचत नाही.

मॅनेजमेंटच्या जीमॅट परीक्षेत तर वाक्यं दुरुस्त करायचा स्वतंत्र प्रकारच होता. पर्याय पाच, त्यातला पहिला म्हणजे मूळ वाक्य जसंच्या तसं. काहीच बिघडलेलं नाही असं वाटणाऱ्यांची सोय. २०२३च्या नोव्हेंबरात परीक्षेची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातून हा प्रकार काढून टाकला. उद्याच्या मॅनेजरांचे मॉडिफायर आता खुशाल लोंबकळोत. एसएटीवाल्यांची मात्र सुटका नाही. हे एका अकरावीतल्या मुलीला सांगितलं, तर तिनं लगेच वही मिटली. म्हणाली, ‘सर, मग बारावीनंतर डायरेक्ट एमबीए नाही का होत?’