समिती येणार, डबे आले

"काकू, कढीपत्ता घेऊ का चार पानं? आणि एक बातमी आहे."

"पानं हवी तेवढी तोड. बातमी आधी."

"आमच्या धाकट्याच्या कॉलेजात दर्जा तपासायला नॅकची समिती येतेय. गेटपासून कँटीनपर्यंत हिरवंगार करून टाकलंय सगळं."

"गेल्या खेपेस कुंड्या भाड्यानं आणल्या होत्या त्यांनी. समितीची गाडी वळली नाही तोच टेम्पो हजर."

"या वेळी डबे आणलेत. ओला, सुका आणि ई-कचरा, प्रत्येक मजल्यावर तीन-तीन. प्राचार्यांच्या हस्ते वृक्षारोपणही उरकलं. धाकटा म्हणतो, खड्डा गेल्या वर्षीचाच होता."

"खड्ड्याचं सोड. डबे रिकामे कोण करतं?"

"तीच तर गंमत! एक मामा येतात, एक काळी पिशवी आणतात आणि तिन्ही डबे तिच्यातच उपडे करतात."

"मग त्या मामांना तीन पिशव्या द्यायचं सुचलं नाही कुणाला? ग्रीन ऑडिटचा अहवाल मात्र रंगीत छापतील."

"तुमच्या एसएनडीटी विद्यापीठात असलं काही चालायचं का हो?"

"अगं, नॅकच जन्मलं 1994 ला. त्याच्याआधीची गोष्ट आहे आमची. कर्वे रस्त्यावरच्या आवारात प्रौढ शिक्षणाचा विभाग होता, आणि मी पलीकडच्या खोलीत टायपिंगला. पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण ही मंडळी वस्त्यांमधून साक्षरतेचं काम करायची. पोरं कुठली वर्गात बसायला! पहाटे आयांबरोबर कचरा वेचायला जायची. मग या दोघीही त्यांच्या मागोमाग निघाल्या."

"कचऱ्याच्या कुंडीवर?"

"हो, कुंडीवर. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की बाई तासन् तास कुंडीत हात घालते आणि हाताला लागतो तो आमटीत भिजलेला कागद. भंगारवाला त्याला काय भाव देणार? तोच कागद घरातून कोरडा, वेगळा मिळाला तर पैसे जास्त मिळतात, काच लागत नाही, वेळही वाचतो. आता सगळे ओला-सुका करतात ना, पुण्यात ते असं या बायकांच्या पोटासाठी मागून घेतलेलं आहे. पर्यावरण-बिर्यावरण नंतर आलं."

"म्हणजे विद्यापीठानं पोस्टर लावली नाहीत?"

"ओळखपत्रं दिली! विद्यापीठाचं ओळखपत्र. सोसायटीच्या दारात बाई उभी राहिली की वॉचमन चोर म्हणून हाकलायचा, कधी पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. गळ्यात कार्ड आल्यावर त्याचा आवाज खाली आला. अण्णासाहेब कर्व्यांनी 1916 ला बायकांसाठी हे विद्यापीठ काढलं. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या गळ्यात त्याचं कार्ड पडायला पाऊणशे वर्षं गेली, पण पडलं एकदाचं."

"आणि ती कागद-काच-पत्रावाली संघटना?"

"ती 1993 ची. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी उभे राहिले. कितीतरी जणी मराठवाड्यातून बहात्तरच्या दुष्काळात आलेल्या घरांमधल्या, बहुतेक दलित समाजातल्या. पुढं महापालिकेनंही त्यांची ओळखपत्रं मान्य केली, आणि 2008 ला घरोघरचा कचरा गोळा करायचा करार त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी झाला. आज साडेतीन हजारांच्या वर माणसं आहेत तिच्यात, बहुतेक बायकाच. आपला कचरा न्यायला येतात त्या मावशी त्यांतल्याच."

"मला वाटायचं, महापालिकेचा पगार असेल त्यांना."

"कसला पगार! आपण महिन्याला देतो ते पैसे आणि पुठ्ठा, बाटल्या विकून येतील ते. ओला कचरा ढकलत फीडर पॉइंटपर्यंत न्यायचा, गाडीत चढवायचा. म्हणून तर चिडते मी त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यावर."

"का, काय केलं त्यांनी?"

"हळू बोल, गॅलरीतच बसलेत. मुलगा म्युनिकला असतो ना, तर येता-जाता सांगतात, जर्मनीत बाटली मशीनमध्ये टाकली की मशीन पैसे परत देतं. मशीनचं केवढं कौतुक! आणि मावशी महिन्याचे पैसे मागायला गेल्या तर म्हणे, आम्ही मिळकतकर भरतो, पुन्हा तुम्हाला कशाला? वर कचरा एकाच पिशवीत, गाठ मारून."

"खरं सांगू? आमच्याकडेही सासूबाई म्हणतात, पैसे देतोय तर वेगळं करायची कटकट आपण कशाला करायची?"

"मग सासूबाईंना फुरसुंगीला फिरवून आण. उरुळी देवाची आणि फुरसुंगी. वर्षानुवर्षं या शहराचा कचरा त्यांच्या उशाशी ओतला आपण. विहिरी नासल्या तिथल्या. 2017 च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि पुण्यात नाकाला पदर लावून फिरायची वेळ आली. तेव्हा दोन-तीन आठवडे सगळ्यांना बरोब्बर कळत होतं, कचरा कुणाचा आणि जातो कुठं. गावकऱ्यांचं काही चुकलं नाही. मावशी जेवढं वेचून बाहेर काढतात, तेवढं तरी कचऱ्याच्या डोंगरावर जात नाही."

"काकू, एक विचारायचं होतं. ते... सुनेचे पॅड असतात त्याचं..."

"लाजतेस काय, मावशी तर ते हातानं उचलतात! 2013 ला याच बायकांनी वापरलेले पॅड पोत्यांत भरून थेट कंपन्यांना परत पाठवले होते, तुमचा माल तुम्हीच सांभाळा म्हणून. 2016 च्या नियमांत लिहिलं गेलं, की कंपनीनं पॅडसोबत गुंडाळायला पिशवी द्यावी. मिळते का तुझ्या सुनेला पाकिटात? बघ एकदा. नसेल तर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचं आणि वर लाल पेनानं मोठा ठिपका काढायचा. बाळाच्या डायपरलाही तेच. ठिपका दिसला की मावशी ते उघडत नाहीत, बाजूला काढतात."

"एवढंच? मग आजपासूनच करते."

"कर. खाऊचं पाकीट पुसून सुक्यात टाकायचं, दुधाची पिशवी धुऊन वाळवायची, फुटलेली काच वेगळी गुंडाळून हातात द्यायची. आणि या महिन्याचे पैसे उद्या सकाळी मावशींच्या हातावर ठेव. मागायला लावू नकोस."